मागच्या पायाशी बबनराव

मालेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात ऑपरेशन असलं की बबनरावांची जागा ठरलेली असे. जनावराच्या डोक्याशी. ती जागा त्यांना कुणी नेमून दिलेली नव्हती. सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागले तेव्हापासून ते तिथे बसत आले होते. पुढे ते निवृत्त झाले आणि एका संस्थेने गावाच्या कडेला नवा दवाखाना काढला. तिथले डॉक्टर विनोद त्यांना बोलवायला स्वतः घरी आले, तेही याच जागेसाठी. "काका, पट्ट्या कोणीही बांधते. डोक्याशी तुमीच पाह्यजे," असं ते म्हणाले होते. बबनरावांनी हे वाक्य कुणाला सांगितलं नाही, पण विसरलेही नाहीत.

मूळचे ते किन्हीराजाचे. घरची शेती थोरल्या भावाकडे राहिली आणि यांच्या वाट्याला जनावरांचं वेड आलं. तरुणपणी दोरी टाकून बैल पाडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पाडण्यात म्हणायचं इतकंच, खरं तर ते बैलाला निजवत. धप्पकन आवाज झाला तर त्यांना स्वतःला लागल्यासारखं व्हायचं. मग मानेवर गुडघा टेकायचा, एका तळव्याने डोळा झाकायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखालच्या नाडीवर ठेवायची. "हो बापा, झालं, झालं, आता झालं," असं ते पुटपुटत राहायचे. डॉक्टर कापाकापी करायचे, बबनराव झालं-झालं म्हणायचे, आणि जनावर ऐकायचं.

लोकही दवाखान्याच्या पायरीवरून आधी विचारत, "बबनराव हायेत का?" डॉक्टरांची चौकशी त्यानंतर. हे कानावर पडलं की बबनराव तोंड फिरवून दोरी गुंडाळत बसत, ऐकलंच नाही असं दाखवत.

माणूस एरवी निर्मळ होता. पगाराबद्दल कधी कुरकुर केली नाही, कुणाच्या बढतीबद्दल वाईट बोलले नाहीत, शेजाऱ्याने नवी मोटारसायकल घेतली तर पहिला नारळ यांनी नेऊन दिला. हेवा हा पदार्थ त्यांना ठाऊकच नसावा असं त्यांच्या बायकोला, चतुराबाईंना, कित्येक वर्षं वाटत होतं. मग दवाखान्यात भुलीचं मशीन आलं, आणि मशीनबरोबर रीता आली.

रीता राठोड मानोऱ्याच्या पलीकडच्या एका तांड्यावरची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे, त्यामुळे पोरगी वसतिगृहात राहूनच वाढली. अकोल्याला जनावरांची डॉक्टर झाली आणि त्यातही भुलीचं काम नीट शिकून आली. अंगाने बारीक, बोलायला स्पष्ट, आणि हात कधी रिकामे न ठेवणारी. मशीन म्हणजे एक चाकांचा गाडा होता. त्यावर ऑक्सिजनचं नळकांडं, भुलीच्या औषधाचं भांडं, भूल कमी-जास्त करायला भांड्यावर फिरवायची चकती, दोन नळ्या, आणि जनावराच्या श्वासासोबत फुगणारी-बसणारी एक काळी पिशवी. बाजूला पडदा. त्यावर हिरवी रेघ उड्या मारायची आणि प्रत्येक ठोक्याला टिक वाजायचं.

पहिल्याच ऑपरेशनला रीताने बबनरावांचं स्टूल डोक्याकडून उचललं, मागच्या पायाशी नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "काका, तुमी इथं बसा. मांडीच्या आतून नाडी पाहा. डोक्याशी मले नळी अन् चकती पाहा लागते."

बबनराव बसले. समोर कुत्र्याची शेपटी होती.

घरी आल्यावर मात्र पाय धुता धुताच त्यांनी सुरुवात केली. "चतुरा, आज मले बढती भेटली. शेपटीचा मान."

चतुराबाई भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अवो, डोक्याशी बसा का शेपटीशी, कुत्रं तं तेच हाये ना?"

"तुले नाही समजत."

"नसन समजत. ते पोरगी जेवते कुठी पण? एकटीच राह्यते म्हन्ता ना?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून बबनरावांच्या हातात दोन डबे आले. जिच्यामुळे स्टूल गेलं तिच्यासाठी स्वतःच्या बायकोच्या हातची वांग्याची भाजी स्वतःच वाहून न्यायची, आणि वर तिने बोटं चाटत म्हणायचं, "काका, काकूच्या हाताले काय चव हाये!" एकदा त्यांनी रस्त्यात थांबून दोन्ही डबे उघडून पाहिले. तिच्या डब्यात तर्री जास्त होती. त्यांनी झाकण लावलं आणि पुढे निघाले, पण दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत.

आता त्यांना रीता ही 'पोरी' राहिली नाही, 'म्याडम' झाली. हा शब्द ते असा उच्चारत, की ऐकणाऱ्याला तो दातात अडकलेल्या खड्यासारखा वाटावा. मशीनबद्दल तर बोलायलाच नको. सकाळी ते फडक्याने पुसायचे, कारण पुसणं हे त्यांचं काम होतं आणि काम वाईट करणं त्यांना जमत नसे. पण पुसताना त्यांची नजर त्या पडद्यावर अशी रोखलेली असायची, जशी सवतीवर. एकदा ऐन ऑपरेशनमध्ये लाइट गेली. बबनरावांनी मान वर केली. आता पाहू, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. टिकटिक थांबली नाही. मशीनला बॅटरी होती.

रीताला हे कळत नव्हतं असं नाही. एका दुपारी काम नव्हतं, तेव्हा ती मुद्दाम त्यांच्याजवळ येऊन बसली.

"काका, तुमच्या इकडं तुषारचे पाइप लावतात ना हरभऱ्याले?"

"लावतात."

"मोटर तेवढ्याच जोरात चालू हाये, अन् तुमी सगळ्या तोट्या एकदम मोकळ्या सोडल्या तं काय होते?"

"काय होणार? शेवटचा फवारा फेकत नाही. नुसता ठिबकते."

"बस्स. हे भुलीची हवा तसंच करते. नसा सैल पाडते. काळीज आपलं चालूच राह्यते, हे मशीन टिकटिक करतच राह्यते. पण रगताचा जोर उतरते. काळजाचं आकुंचनबी जरा ढिलं पडते. टिकटिक म्हंजे मोटरचा आवाज. पाणी कुठवर पोचलं ते आवाजातून नाही समजत."

"तुह्याजवळ पट्टा हाये ना दाब मोजाचा?"

"हाये. पण कुत्र्याच्या पायाले तो धड बसत नाही, केसावरून सरकते. म्हनून मले बोट पाह्यजे. तुमचं."

बबनरावांना सगळं समजलं. इतकं नीट समजलं की त्याचाच राग आला. शेवटच्या दोन वाक्यांकडे मात्र त्यांनी लक्ष दिलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला तरणी माणसं असं बोलतात, एवढाच अर्थ त्यांनी काढला. "बरं म्याडम," म्हणून ते उठले आणि बाहेर जाऊन नळ घट्ट बंद करून आले, जरी तो गळत नव्हता.

सगळ्यात खोल लागलं ते मदनसिंगचं. मदनसिंग रीताच्याच भागातल्या दुसऱ्या एका तांड्यावरचा, बकऱ्या राखणारा. त्याच्या भुऱ्या नावाच्या कुत्र्याला पिल्लू असताना बबनरावांनीच घशात अडकलेलं हाड काढून वाचवलं होतं. तेव्हापासून मालेगावला आला की तो दवाखान्यात डोकावायचा, "राम राम बबनराव" केल्याशिवाय जायचा नाही. त्या दिवशी सकाळी तो एका ऑटोतून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेला भुऱ्या होता आणि गोधडी रक्ताने भिजली होती. रानडुकराने कुत्र्याची कूस फाडली होती.

बबनराव पायरीवरच उभे होते. मदनसिंगने त्यांच्याकडे पाहिलं, अगदी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि विचारलं, "ताई हाये का? ते मशीनवाली ताई?"

"हाये," बबनराव म्हणाले. "आत हाये." आणि बाजूला सरकले.

भुऱ्या आता वयाने मोठा झाला होता, रक्तही बरंच गेलं होतं. विनोद डॉक्टरांनी जखम पाहून मान हलवली. "आतून वाहून राह्यलं. आत्ताच घ्या लागन." रीताने सलाइन लावलं, हलकं इंजेक्शन दिलं, घशात नळी घातली, चकती फिरवली. काळी पिशवी फुगू-बसू लागली. मदनसिंग खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभा राहिला. बबनराव मागच्या पायाशी बसले आणि सवयीने त्यांची दोन बोटं मांडीच्या आत, आपल्या जागी गेली.

नाडी होती. बारीक, पण होती.

काम सुरू झालं. टिकटिक व्यवस्थित, उलट जराशी भरभरच चालू होती. रीता पुढच्या पायाला दाबाचा पट्टा बांधत होती. पट्ट्याने हवा भरली, सोडली, पुन्हा भरली, आणि पडद्यावर आकड्याऐवजी दोन रेघा आल्या. तिने पट्टा काढून परत बांधला. पुन्हा रेघा.

"काका, नाडी कशी हाये?"

बबनरावांच्या बोटाखाली नाडी आणखी बारीक झाली होती. त्यांना ते कळलं होतं. तोंड उघडायचं, दोन शब्द बोलायचे, एवढंच होतं. पण खिडकीत मदनसिंगचा चेहरा होता आणि तो चेहरा रीताकडे वळलेला होता, जसं देवळात लोकांचं तोंड गाभाऱ्याकडे असतं.

"तुमची मशीन सांगन ना, म्याडम," ते म्हणाले.

विनोद डॉक्टरांनी मास्कवरून एकदा पाहिलं, पण त्यांचे दोन्ही हात पोटात होते. रीताने ओठ मिटून घेतले. तिने चकती थोडी खाली आणली आणि सलाइन थोडं वाढवलं, आपल्याच अंदाजाने. मग पट्टा दुसऱ्या पायाला बांधून पाहिला. नाही लागला.

"काका. नाडी?"

"हाये."

खोटं नव्हतं. नाडी होती. पण कशी होती, ते त्यांनी सांगितलं नाही. बिघडलं तर सांगतीलच, असं धरून रीताने नळीकडे लक्ष वळवलं. आणि बबनराव मनातल्या मनात म्हणत राहिले, पाहू दे तिलेच, येऊ दे त्या पडद्यावर, कळू दे साऱ्यांना की ते डबडं काय सांगते अन् काय नाही.

टिक. टिक. टिक. हिरवी रेघ तशीच उड्या मारत होती.

मग बोटाखालून नाडी निसटली. बबनरावांनी बोट जरा हलवलं, जरा दाबलं, जरा सैल केलं. दुसऱ्या बाजूची मांडी चाचपली. काही नाही. कातडी तेवढी होती, थंडगार. आणि वर ते मशीन टिक टिक करत होतं, शहाण्यासारखं, काही झालंच नाही असं. त्या क्षणी बबनरावांना पहिल्यांदा कळलं की आपण ज्याच्याशी इतके दिवस भांडत होतो ते मशीन या कुत्र्याचं काहीच लागत नाही. आणि हे कुत्रं आपलं कोण लागतं, हेही आठवलं.

"पोरी!" ते ओरडले. "नाडी गेली! बोटाले काहीच लागून नाही राह्यलं!"

रीताने मागे वळून न पाहता चकती बंद केली. पिशवी रिकामी करून नुसता ऑक्सिजन भरला. "सर, दाबून धरा, कापू नका." विनोद डॉक्टरांनी आत बोळे दाबून हात स्थिर केले. तिने सलाइन पूर्ण सोडलं, भुऱ्याचा ओठ उलटून हिरडी पाहिली, ती कागदासारखी पांढरी होती. एक इंजेक्शन भरलं, हळूच शिरेत दिलं. "काका, बोट काढू नका. बोलत राहा. जे लागन ते बोला."

"नाही... नाही अजून... नाही बाई..." बबनरावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "थांब. थांब. काहीतरी... नाही, माह्यंच बोट हाये ते. नाही... आलं! आलं पोरी, बारीक हाये, सुतासारखं... गेलं... आलं पुन्हा. हाये. हाये. आता हाये."

"भरते का?"

"भरून राह्यली. हळूहळू. हो बापा, हो... भरते."

त्यानंतर ऑपरेशन संपेपर्यंत त्या खोलीत एकच माणूस बोलत होता. बारीक, भरली, जरा उतरली, बरी हाये. रीता एकेका शब्दावर चकती केसाइतकी इकडे-तिकडे करत होती. विनोद डॉक्टरांनी फुटलेली नस बांधली, थर शिवले, कूस मिटवली. उन्हं पार खिडकीतून आत आली होती जेव्हा भुऱ्याने गिळल्यासारखं केलं आणि रीताने त्याच्या घशातली नळी काढली.

मदनसिंग आत आला तो थेट रीताच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला वरच्यावर धरलं. "ताई, तुमी होत्या म्हनून," तो रडत म्हणत होता, "तुमी होत्या म्हनून माहा भुऱ्या..."

बबनराव भिंतीशी उभे होते. आणि सांगायला लाज वाटावी, पण जे होतं ते होतं. तेव्हासुद्धा त्यांना हेवा वाटलाच. हा आपल्याकडे का पाहत नाही, असं मनात आलंच. लगेच स्वतःचीच किळस आली, पण हेवा काही त्यामुळे गेला नाही. दोन्ही एकाच मनात राहिले.

मागच्या नळावर ते भांडी धूत होते तेव्हा रीता आली. हात पुसत उभी राहिली.

"काका, एक इचारू? नाडी उतरलेली तुमाले आधीच समजली होती ना? म्या पहिल्यांदा इचारलं तेव्हाच?"

हो म्हणायचं की नाही, हे बबनरावांच्या हातात होतं. बोटाखाली काय लागलं हे त्यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं आणि कधी होणारही नव्हतं. ते कैची घासत राहिले. मग म्हणाले, "हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुह्याशी बोलाचं नोतं मले."

रीताला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिचा चेहरा लाल झाला. "ते कुत्रं मेलं असतं, काका! माह्या हातून मेलं असतं. मदनसिंगभाऊले मी तोंड कसं दाखवलं असतं? तांड्यावर माह्या नावानं काय झालं असतं? अन् तुमाले माह्याशी बोलाचं नोतं!"

बबनरावांनी घासलेली कैची पुन्हा घासायला घेतली.

"म्या काय केलं तुमचं, ते तं सांगा?"

"माही जागा घेतली," ते म्हणाले. साठीच्या माणसाचा आवाज लहान पोरासारखा फुटला. "डोक्याशी मी बसत होतो. सारी जिंदगी. तू आली अन् मले शेपटीकडं लोटलं."

"लोटलं?" रीता आता खरंच थक्क झाली. "काका, कुत्र्याची सगळ्यात चांगली नाडी मांडीत भेटते. अकोल्याले त्या जागेवर कोणाले बसू देत नाही, ज्याच्यावर भरोसा नसन त्याले. म्या तुमाले सांगतलं होतं की बोट पाह्यजे म्हनून."

"सांगतलं होतं तू," बबनराव म्हणाले. "म्याच नाही ऐकलं."

नळ वाहतच होता. तिनेच तो बंद केला. तिचा राग उतरला नव्हता, आणि तिने तो उतरल्याचं सोंगही केलं नाही.

"नका बोलू माह्याशी," ती शेवटी म्हणाली. "नसन बोलाचं तं नका बोलू. कधीच नका बोलू. पण तिथं बसले की कुत्र्याच्या वतीनं बोला. त्याच्या तोंडात माही नळी असते. त्याले बोलता येत नाही."

एवढं बोलून ती आत गेली.

त्या दिवशी घरी बबनराव जेवले नाहीत. चतुराबाईंनी कारण विचारलं तर त्यांनी सगळं सांगून टाकलं, एक शब्द न गाळता. चतुराबाईंनी ऐकून घेतलं. धीर दिला नाही आणि रागावल्याही नाहीत. "उद्या जासान ना?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, "जाईन." "मंग जेवा," त्या म्हणाल्या.

पुढच्या ऑपरेशनला एक कुत्री होती, गर्भपिशवी काढायची. विनोद डॉक्टर हात धुऊन आले, रीता डोक्याशी, बबनराव मागच्या पायाशी. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. खिडकीत दोन बाया आणि एक म्हातारा उभे होते, काळी पिशवी कशी फुगते ते पाहायला, आणि आपसात म्हणत होते, "पाह्य, ते पोरगीच चालवते सारं." बबनरावांनी ते ऐकलं. जबडा घट्ट झाला. बोट मात्र जागेवर होतं.

पट्ट्याचा आकडा येईना. रीताने विचारलं नाही. तिने पट्टा सारखा केला आणि वाट पाहिली.

मग समोरच्या भिंतीवरच्या पालीकडे पाहत, कुणालाही न उद्देशून, बबनराव म्हणाले, "कुत्री म्हनते, नाडी भरून हाये."

विनोद डॉक्टरांचा हात थबकला. त्यांनी मास्कवरून आधी बबनरावांकडे, मग रीताकडे पाहिलं.

रीताने मान खाली घातली होती. "तिले म्हना, बरं," ती म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, आताही भिंतीकडेच तोंड करून. "कुत्री म्हनते, आता जराशी सैल पडली."

रीताने चकती एक खूण खाली घेतली.